सुईवर झुकलेली मान : लखनौच्या चिकनकारीतून दिसणारा श्रमिक-आरोग्याचा प्रश्न

लखनौच्या चौक भागातील अरुंद गल्ल्यांमध्ये आणि काकोरी, मलिहाबाद यांसारख्या भोवतालच्या गावांमध्ये दुपारच्या वेळी घरांच्या उंबरठ्यावर, दाराच्या उजेडात, स्त्रिया कापडावर वाकून बसलेल्या दिसतात. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेला कशिदा म्हणजे चिकनकारी. ठोकळ्याच्या साहाय्याने कच्च्या निळ्या रंगात नक्षी छापायची, तिच्यावर सुईने काम करायचे आणि शेवटच्या धुलाईत ती निळी रेघ पुसून टाकायची, असा या कलेचा क्रम आहे. कापणारा, शिवणारा, छापणारा, भरतकाम करणारी आणि धुणारा अशा अनेक हातांतून एक कुर्ता तयार होतो. मात्र त्यातील सर्वाधिक वेळ भरतकाम करणारीचा जातो. तेपची, बखिया, फंदा, मुर्री, जाली ही टाक्यांची नावे. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि फंद्याचा त्याहूनही लहान असतो. इतक्या बारीक कामासाठी डोळा कापडाच्या जवळ न्यावा लागतो, आणि डोळा जेथे जातो तेथे मान जाते.

अशा कामात अनेक वर्षे घालवलेल्या व्यक्तीने ‘मान सुन्न होते’ अशी तक्रार केली, तर तिच्याकडे कसे पाहावे? वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा चेतासंस्थेचा प्रश्न आहे, कामगार कायद्याच्या दृष्टीने तो व्यवसायजन्य आजाराचा आहे आणि विकासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने असंघटित क्षेत्रातील आरोग्य-संरक्षणाचा. या तीनही बाजू एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एक सोडून दुसरी समजत नाही.

तक्रारीचा अर्थ

प्रथम शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. हिंदी-उर्दूतील ‘सुन्न’ किंवा मराठीतील ‘बधिर’ हा शब्द रुग्ण अनेक अर्थांनी वापरतात. कोणाला मान जड वाटते, कोणाला ती अवघडल्यासारखी वाटते, कोणाला मुंग्या येतात, तर कोणाला त्या जागी स्पर्शच कळत नाही. यांपैकी केवळ शेवटची अवस्था ही खऱ्या अर्थाने संवेदना-लोपाची होय. मुंग्या येणे म्हणजे चेतातंतू डिवचला जात असल्याची खूण. तर जडपणा हा पुष्कळदा थकलेल्या स्नायूंचा असतो. कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श करून, टाचणीच्या टोकाने किंचित टोचून आणि गार-गरम वस्तू लावून हा भेद काही मिनिटांत करता येतो. त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही साधी तपासणी झाली नाही, तर मात्र रुग्ण वेदनाशामक गोळ्या घेऊन परत जातो आणि खरा आजार काही काळ आणखी दडून राहतो.

मानेच्या रचनेतील एक गोष्ट येथे फार उपयोगी पडते. मानेत ७ मणके आहेत, परंतु मज्जारज्जूपासून निघणाऱ्या चेतातंतूंच्या जोड्या ८ आहेत. त्यांपैकी दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जोडीच्या शाखा डोक्याची मागील बाजू, कानामागचा भाग, मानेची त्वचा आणि खांद्याचा माथा यांना संवेदना पुरवतात. पाचव्या ते आठव्या जोड्या प्रामुख्याने हाताकडे जातात. सहावी अंगठ्याकडे, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीकडे. आता वयानुसार किंवा कामाच्या ताणाने मणक्यांमधील गाद्यांची जी झीज होते, ती सर्वाधिक मानेच्या खालच्या भागात, म्हणजे पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या दरम्यान आढळते. परिणामी दोष मानेत असला तरी बधिरपणा हातात जाणवतो. याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. मानेच्या त्वचेचीच संवेदना खरोखर गेली असेल, तर नेहमीच्या ‘मणक्याच्या झिजेने’ तिचे स्पष्टीकरण सहसा मिळत नाही. कारण अन्यत्र शोधावे लागते. मानेचा एक्स-रे काढून त्यात झीज दिसली की तपास संपला असे मानण्याची पद्धत म्हणूनच सदोष आहे, कारण चाळिशी-पन्नाशीनंतर कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाच्या एक्स-रेतही अशी झीज दिसू शकते.

वाकलेल्या मानेचे गणित

माणसाचे डोके सुमारे ४.५ ते ५.५ किलोग्रॅम वजनाचे असते. मान सरळ असताना हे वजन मणक्यांच्या स्तंभावर तोलले जाते आणि स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. मान पुढे झुकली की डोके तरफेच्या टोकाला लटकवलेल्या वजनासारखे होते आणि ते धरून ठेवण्याचे काम मानेमागील स्नायूंवर येते. अमेरिकेतील मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार, १५ अंश झुकलेल्या मानेवर सुमारे १२ किलोग्रॅम, तर ६० अंश झुकलेल्या मानेवर सुमारे २७ किलोग्रॅम इतका भार पडतो. हे आकडे संगणकीय प्रतिकृतीतून आलेले आहेत, प्रत्यक्ष माणसांच्या मानेत मोजलेले नाहीत, याची जाणीव ठेवून ते वापरले पाहिजेत. भ्रमणध्वनीच्या अतिवापराविषयी लिहिताना हे आकडे सर्रास उद्धृत केले जातात. परंतु भ्रमणध्वनी येण्याच्या कितीतरी आधीपासून कशिदा करणाऱ्या, जरदोजीच्या लाकडी अड्ड्यावर जमिनीलगत बसून काम करणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या माणसांची मान याच कोनात होती. त्यांच्या मानेची चर्चा मात्र झाली नाही.

केवळ भार मोठा असणे हा येथील मुख्य दोष नव्हे. भार न हलता तसाच राहणे अधिक अपायकारक ठरते. चालताना स्नायू आकुंचन पावतो व सैल होतो, त्यामुळे रक्ताचा प्रवाह चालू राहतो. एकाच स्थितीत आकुंचित राहिलेल्या स्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा घटतो आणि स्नायू दुखू लागतो. त्यात ठरावीक ठिकाणी गाठीसारखे कठीण बिंदू तयार होतात. त्यांतून निघणारी वेदना डोक्यापर्यंत, खांद्यापर्यंत पसरते आणि तिच्या जोडीला येणाऱ्या जडपणालाच पुष्कळ स्त्रिया ‘सुन्न’ म्हणतात. मानेच्या वरच्या भागातील स्नायूंमधून डोक्याच्या मागील बाजूस जाणारा चेतातंतू अशा ताठर स्नायूंत दाबला गेला, तर मात्र मानेच्या वर व डोक्याच्या मागे खऱ्या मुंग्याही येऊ शकतात.

भरतकाम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ संभवतो. सुई चिमटीत धरून मनगट सतत वाकवल्याने मनगटातील बोगद्यासारख्या जागेत चेतातंतू दाबला जातो. तेव्हा अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते, रात्री त्रास वाढतो आणि हात झटकल्यावर बरे वाटते. हा दोष मनगटाचा असतो, मानेचा नव्हे. अर्थात एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात. मानेतील मज्जारज्जूवरच दाब येऊ लागला, तर चित्र निराळे आणि अधिक गंभीर असते. बोटांचे कौशल्य हळूहळू कमी होते, सुईत दोरा ओवता येत नाही, कुर्त्याची बटणे लावता येत नाहीत, चालताना पाय ताठ वाटतात, तोल जातो, पुढे लघवीवरचा ताबा सुटतो. एखाद्या कुशल कारागिराचे टाके एकाएकी बिघडू लागणे हे या आजाराचे आरंभीचे लक्षण असू शकते. ठेकेदार त्याला कामातील हलगर्जीपणा समजून मजुरी कापतो, तेव्हा निदानाची एक संधी त्याच्या हातून निसटलेली असते.

दडलेली कारणे

मानेच्या त्वचेची खरी बधिरता आढळल्यास भारतीय वैद्याने ज्या आजाराचा विचार टाळू नये, तो म्हणजे कुष्ठरोग. मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूवरून कानाच्या पाळीकडे एक चेतातंतू वर चढतो. कुष्ठरोगात तो जाड होतो. इतका की रुग्णाने मान एका बाजूस वळवली असता तो त्वचेखाली दोरीसारखा दिसतो. त्याच्या क्षेत्रातील, म्हणजे कानाची पाळी, जबड्याचा कोन आणि मानेची बाजू यांतील संवेदना कमी होते. त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असणे आणि चेतातंतू जाड होऊन त्याचे कार्य बिघडणे ही कुष्ठरोगाची प्रमुख लक्षणे आहेत. भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ साध्य केले. परंतु या शब्दाची व्याख्या दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण अशी आहे. रोग नाहीसा होणे असा तिचा अर्थ नाही. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांत या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण अजूनही भारतात असतात. २०२२ मध्ये ही संख्या एक लाखाहून अधिक होती. रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांचा बहुविध औषधोपचार सर्व सरकारी केंद्रांत मोफत मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने चालतो. औषध वेळेवर सुरू झाले तर चेतातंतू वाचतो. उशीर झाल्यास जंतू मरतात, परंतु गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. उशीर होण्याचे एक कारण लज्जा हे आहे. कुष्ठरोग हा घटस्फोटाचा आधार म्हणून वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आला, हे पाहिले म्हणजे ती लज्जा किती खोलवर रुजलेली होती याची कल्पना येते. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही; वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात उभ्या राहिलेल्या कामाचा वारसा येथे आहे.

दुसरे कारण कवटी आणि मान यांच्या सांध्याशी निगडित आहे. पहिला मणका कवटीला धरून असतो व दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती तो फिरतो. काही व्यक्तींत जन्मतःच या जागेची रचना सदोष असते. पहिला मणका दुसऱ्यावरून घसरतो आणि त्यांमधील मज्जारज्जू दाबला जातो. आखूड मान, मागील बाजूस खाली उतरलेली केसांची रेषा, मान वळवताना येणारे बंधन, डोक्याच्या मागे बधिरपणा आणि किरकोळ धक्क्यानंतर हातापायांत अचानक आलेला अशक्तपणा ही त्याची चिन्हे. लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, जिची स्थापना १९८३ च्या कायद्याने झाली, ती अशा विकृतींवरील शस्त्रक्रियांसाठी देशभर परिचित आहे. हे दोन मणके पट्टी व स्क्रूंनी जोडण्याची पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आज जगभर वापरली जाते. अशा रुग्णाच्या मानेला नाक्यावरच्या न्हाव्याने किंवा हाडवैद्याने झटका दिला, तर काय अनर्थ ओढवेल हे सांगण्याची गरज नाही. मान ‘मोकळी’ करण्याचा हा प्रकार निरोगी माणसानेही टाळावा.

याच भागाशी संबंधित असा एक विरळ पण लक्षणीय आजार म्हणजे मज्जारज्जूच्या मध्यभागी द्रवाची पोकळी तयार होणे. त्यात मान, खांदे व हात यांवर जणू शाल पांघरावी अशा आकारात वेदना व उष्णतेची जाणीव जाते, मात्र स्पर्श कळत राहतो. स्वयंपाक करताना हात भाजला तरी कळले नाही, असे रुग्ण सांगतो. केवळ बोटाने स्पर्श करून तपासणाऱ्या डॉक्टरला येथे काहीच आढळत नाही.

क्षयरोग मणक्यालाही होतो. रात्री वाढणारी मानदुखी, ताप, वजन घटणे आणि त्यानंतर हातापायांतील बधिरपणा असा क्रम असेल, तर तो संशय धरलाच पाहिजे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. पाण्यातील फ्लोराइडचा विचार फारसा कोणी करत नाही. लखनौला लागून असलेल्या उन्नाव जिल्ह्यात, तसेच महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. अनेक वर्षे याहून पुष्कळ जास्त फ्लोराइड पोटात गेल्यास अस्थिबंध हाडासारखे कडक होतात, मान वळेनाशी होते आणि मज्जारज्जूची जागा आक्रसते. नागिणीत प्रथम आग व मुंग्या येतात, काही दिवसांनी पट्ट्याने पुरळ उठतो. मानेवर असा पट्टा उठणे असामान्य नाही. थायरॉइड, लाळग्रंथी किंवा मानेतील गाठ यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही भाग बधिर राहतो, तो चेतातंतूची लहान शाखा कापली गेल्यामुळे. मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही चेतातंतूंच्या विकाराची मोठी कारणे असली, तरी त्यांची सुरुवात बहुधा पायांपासून होते. एकट्या मानेची बधिरता त्यांच्या माथी मारता येत नाही. बी-१२ च्या कमतरतेत मान खाली वाकवताच पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटू शकते, एवढे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. मज्जारज्जूवरील दाबातही तीच खूण आढळते.

बधिरपणा अचानक, काही मिनिटांत आला, त्यासोबत चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान बधिर झाल्यास रुग्णाला न हलवता मान आधार देऊन स्थिर ठेवणे हे पहिले कर्तव्य. ताप, उलटी आणि मान ताठ होणे एकत्र आल्यास मेंदूज्वराची शक्यता असते.

डोळा, दिवा आणि मजुरी

कारणांची ही यादी पाहिल्यावर पुन्हा त्या उंबरठ्याकडे वळावे लागते, कारण तेथील बहुसंख्य तक्रारी दुर्मीळ आजारांतून येत नाहीत. त्या कामाच्या रीतीतून येतात. पांढऱ्यावर पांढरे टाके घालताना रंगभेदाची मदत नसते. घरात उजेड अपुरा असतो. चाळिशीच्या सुमारास जवळचे दिसणे कमी होते, तेव्हा चष्म्याअभावी मान आणखी झुकते. आसाममधील चहामळ्यांत काम करणाऱ्या चाळिशीपुढील मजुरांना जवळचे दिसण्याचा चष्मा मोफत दिला असता, चष्मा नसलेल्यांच्या तुलनेत त्यांची उत्पादकता सुमारे २२ टक्के अधिक वाढली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत दिसून आले. त्या चाचणीत मानदुखी मोजलेली नव्हती. तथापि चहाची पाने खुडण्याच्या कामात चष्म्याने एवढा फरक पडतो, तर मुर्रीच्या टाक्यात तो किती पडेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. मानेच्या उपचारासाठी नेत्रतपासणी शिबिर भरवणे ही कल्पना वरवर विचित्र वाटली तरी ती कदाचित सर्वांत स्वस्त आहे. कापड उंच धरता येईल अशी तिरपी पाटी, पाठीला टेकू, दर अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवणे हे उपाय त्यानंतर येतात.

परंतु दर अर्ध्या तासाने उठायचे कोणी? मजुरी नगावर ठरते. मध्यस्थ कापड आणून देतो, तयार माल घेऊन जातो आणि डाग पडल्यास किंवा उशीर झाल्यास पैसे कापतो. उठलेली प्रत्येक पाच मिनिटे स्त्रीच्या मिळकतीतून वजा होतात. व्यायामाचा सल्ला देणाऱ्याने हा हिशेब विसरता कामा नये. या शोषणाची जाणीव जुनी आहे. मुझफ्फर अली यांच्या १९८६ च्या ‘अंजुमन’ या चित्रपटाचा विषय लखनौच्या चिकन कारागीर स्त्रियांचा होता, आणि त्याआधी १९८४ मध्ये ‘सेवा लखनौ’ ही संस्था मध्यस्थाला वगळून थेट मजुरी मिळवून देण्याच्या हेतूने उभी राहिली होती. २००८ मध्ये लखनौ चिकनला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत तिचा समावेश झाला. २०२४ मध्ये कारागीर नसीम बानो यांना पद्मश्री जाहीर झाली. कलेचे नाव, बाजारपेठ आणि प्रतिष्ठा यांची काळजी अशा रीतीने घेतली गेली. कारागिराच्या शरीराची काळजी यांपैकी कशातही अभिप्रेत नाही.

कायद्याच्या चौकटीत

बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत ‘तू कोणते काम करतोस?’ या प्रश्नाची भर घालावी असे सुचवले. भारतीय राज्यघटनेने हाच प्रश्न वेगळ्या भाषेत मांडला आहे. अनुच्छेद ३९(ङ) कामगारांचे आरोग्य व शक्ती यांचा दुरुपयोग होऊ नये असे सांगतो, अनुच्छेद ४२ कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीचा आग्रह धरतो आणि १९९५ मध्ये ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ चा भाग मानला. तो खटला अ‍ॅस्बेस्टॉसचा होता. विषारी धूळ आणि धातू यांच्याविषयी आपला कायदा तुलनेने जागरूक राहिला. अधिसूचित व्यवसायजन्य रोगांच्या सूचीत शिसे, पारा, सिलिका यांनी होणाऱ्या आजारांना ठळक स्थान आहे. संशोधनाचा कलही तसाच होता. लखनौमध्येच १९६५ पासून औद्योगिक विषविज्ञानाची राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. मात्र आसन, पुनरावृत्ती व न हलता केलेले काम यांतून होणाऱ्या स्नायू-अस्थींच्या विकारांना विषासारखा रंग वा वास नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत या विकारांचा स्वतंत्र गट केला आहे.

घरखेप कामगारांविषयी संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ चा. भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. देशांतर्गत पाहता, १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांना कामगार मानले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. सोलापूर, सिन्नर येथील विडी कामगार स्त्रियांना त्यातून ओळखपत्र व दवाखाना मिळण्याची वाट मोकळी झाली. कशिदाकाम करणाऱ्यांसाठी असा स्वतंत्र कायदा कधी झाला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृहाधारित कामगार’ ही व्याख्या आहे आणि असंघटित कामगारांत त्यांची गणना होते. २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम संकेतस्थळावर त्यांची नोंदणीही होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, परीटही आहे. म्हणजे चिकनचा कुर्ता शिवणारा आणि धुणारा दोघेही सूचीत बसतात, दोघांच्या मधली भरतकाम करणारी मात्र स्वतंत्र व्यवसाय म्हणून तीत नाही.

उपचाराच्या खर्चातही असाच एक तिढा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. मज्जारज्जूवरचा दाब काढण्याची शस्त्रक्रिया त्यात बसू शकते. ती वेळ येऊ नये म्हणून लागणारा चष्मा, भौतिकोपचाराच्या बाह्यरुग्ण खेपा आणि दिव्याचा खर्च त्यात बसत नाहीत. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात, जेथे १९११ पासून विद्यार्थी शिकत आले, बाह्यरुग्ण विभागाचा कागद स्वस्त मिळतो. पण काकोरीहून यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता अमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत मालकाने कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करावी अशी तरतूद असून ती चाळिशीपुढील कामगारांना लागू होणे अपेक्षित आहे. जवळची दृष्टी कमी होऊ लागण्याचे आणि मान अधिक झुकू लागण्याचे वयही हेच. ही संहिता सामान्यतः १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. चौकातील दुकानदार एका मध्यस्थामार्फत पन्नास घरांत कापड पाठवतो, तेव्हा ते पन्नास उंबरठे मिळून एक आस्थापना ठरतात की पन्नास वेगवेगळी घरे, आणि त्या तपासणीचे पैसे दुकानदाराने द्यायचे की मध्यस्थाने, याचे उत्तर राज्यांच्या नियमांतून आणि पुढे कदाचित न्यायालयांतून यावयाचे आहे.